खिळ्यावरची सांडशी

शेखरच्या डाव्या गालावर एक काळपट, वाकडा डाग आहे आणि त्या बाजूचा डोळा अधू आहे. बहारीनमधल्या आपल्या मंडळींपैकी ज्यांनी त्याला गणपतीच्या आरतीला पाहिलंय, त्यांना तो डाग माहीत आहे आणि डागामागची गोष्टही. बायकोने तापलेला तवा मारला. डोकं फिरलं होतं तिचं. दिवसभर मेलेल्या इंग्रजांची भांडी वाचत बसायची आणि कशाने काय फोडता येईल याचा विचार करायची.

या गोष्टीतलं शेवटचं वाक्य माझं आहे. मी ते चार माणसांसमोर बोललो आणि मग ते माझ्याशिवाय गावभर फिरलं.

आता शेखरच्या मुलीचं, जुईचं, लग्न ठरलंय. आईला मिरजेहून बोलवावं असं तिच्या मनात आहे. शेखर म्हणतो, "भर मांडवात ती काय उचलेल सांगता येत नाही," आणि ऐकणारे माना डोलावतात. म्हणून लिहायला बसलो. वसुधा कशी होती हे सांगणारा इथे मी एकटाच उरलोय. माझी बायको सुमती असती तर तिने हे माझ्याआधी आणि माझ्यापेक्षा स्पष्ट सांगितलं असतं.

बहारीनच्या सनद भागात एका कंपाउंडमध्ये आमची घरं पाठीला पाठ लावून होती. दोन्ही स्वयंपाकघरांमध्ये भिंत एकच. मी बँकेत होतो, शेखर बांधकाम कंपनीत इंजिनियर, पुण्याचा, बोलायला गोड. वसुधा मिरजेची. उंच, हाडापेराने मोठी, जाड चष्मा, चालताना टाचा आपटायची. पहिल्यांदा विरजण मागायला आली तेव्हा सुमतीने दिलेला डबा तिने आधी हातात वरखाली करून तोलला. ही तिची सवयच होती. तांब्या, पुस्तक, माझी छत्री, काहीही हातात आलं की ती तोलून बघायची.

"वाण्याच्या घरातली का गं तू?" सुमतीने विचारलं.

"नाही ओ काकू. वजन कळलं की वस्तू कळते."

तिचे वडील लोकांना मोडी कागद वाचून द्यायचे, त्यांच्याकडून तीही शिकली होती. इथे ती नवऱ्याच्या व्हिसावर. नोकरी करता येत नव्हती. समोर डोरीन नावाची इंग्रज म्हातारी राहायची. तिच्या गावाकडची काही हौशी माणसं पाचसहाशे वर्षांपूर्वीची मृत्युपत्रं वाचून उतरवून काढत होती आणि त्या कागदांचे फोटो डोरीनला ईमेलने यायचे. म्हातारीला ते अक्षर लागेना. वसुधाने चष्मा कपाळावर सारून पाहिलं आणि म्हणाली, "मोडीपेक्षा सोपं आहे की हे. निदान शब्द तोडून लिहिलेत." डोरीन पुढे मायदेशी गेली, काम वसुधाकडे राहिलं.

अक्षर लागायचं, पण वस्तू लागत नसत. तिथला एखादा शेतकरी मरायला टेकला की आत्मा देवाला द्यायचा, देह चर्चच्या अंगणाला, आणि मग स्वयंपाकघरात उतरून पातेली, पळ्या, गाद्या एकेक करून वाटायचा. त्या वस्तूंची नावं आता त्याच्याच देशातल्या लोकांना कळत नव्हती. ब्रँडरेथ म्हणजे काय? पॉस्नेट कशाला म्हणायचे? मी बँकेतून घरी आलो की मागच्या कठड्यावर टकटक व्हायची. "काका, आज एक नवीन आलंय." चहा घेऊन आम्ही दोन्ही अंगणांच्या मधल्या कठड्यावर बसायचो.

शब्दकोश ती शेवटी उघडायची. आधी तिचे तीन प्रश्न. कोणत्या वस्तूंच्या शेजारी लिहिलंय? एका हाताने उचलता येतं का? आणि फुटणारं की फोडणारं? जगातल्या सगळ्या वस्तू तिने या दोन जातींत वाटून टाकल्या होत्या. बरणी फुटणारी, वरवंटा फोडणारा.

"आणि कुकर?" मी गमतीत विचारलं.

"कुकर दोन्हीकडे ओ काका. झाकण वेगळं धरायचं."

मी हसलो. त्या काळात मी तिच्या बोलण्याला फार हसायचो.

ब्रँडरेथवर त्या इंग्रज मंडळींत बराच खल चालला होता. कुणाला ते शस्त्र वाटत होतं, कुणाला घोड्याच्या सामानातलं काही. वसुधाने चार-पाच मृत्युपत्रं शेजारी मांडली. सगळीकडे तो शब्द पातेल्याला चिकटून. "चुलीवरची तिवई आहे ही," ती म्हणाली. "तीन पायांची, लोखंडी. वर पातेलं, खाली जाळ."

"शस्त्र कशावरून नाही?"

"कारण विस्तवात असते की ती. तापलेली वस्तू कोण उचलणार? मारायला जाईल त्याचाच हात भाजेल." कप तोलत ती पुढे म्हणाली, "त्या घरातल्या बाईला तिवईची भीती नसणार. तिच्या जवळपास उभी राहत असेल ती."

तिचं उत्तर बरोबर निघालं. मी म्हटलं, "वसुधा, तुझं डोकं वकिलाचं आहे." एवढंच माझ्या डोक्यात आलं.

सगळंच असं नसायचं. एकदा एका श्रीमंत माणसाने मुलीला सहा 'बँकर' ठेवलेले निघाले. वसुधा हसून हसून बेजार. "काका, सहा बँकर! एकटी पोर, करायचं काय तिने त्यांचं?" मग तिने पाहिलं की ते उशा आणि पडद्यांच्या ओळीत आहेत. म्हणजे काहीतरी मऊ. शेवटी कळलं, बाकावर टाकायचं कापड. "चला, एका तरी बाईला बँकरवर बसायला मिळालं," ती म्हणाली आणि तेव्हापासून माझ्यासाठी खुर्चीवर उशी टाकताना सुमती म्हणायची, "बँकर, बँकरवर बसा." मऊ वस्तूंवर वसुधाचा जीव होता. पिसांची गादी, लोकरीचं पांघरूण असं काही आलं की आवाज उतरायचा तिचा. "हे बघा, उत्तम गादी थोरल्या मुलीला." जणू तिलाच मिळाली.

आणि पॉस्नेट. ते छोटं पातेलं हे लवकर लागलं, पण एका कागदात त्याच्यापुढे 'मोडक्या दांड्याचं' असं लिहिलेलं होतं. त्या माणसाने बाकी सगळं मुलांना दिलं होतं आणि बायकोला ते मोडक्या दांड्याचं पॉस्नेट. वसुधा उभीच राहिली.

"शिजवताना दांडा मोडतो का काका?"

"जुनं झालं असेल."

"पितळेचा दांडा! जुना होऊन मोडतोय होय? आपटल्याशिवाय मोडत नाही तो. कशावर तरी जोरात बसल्याशिवाय मोडत नाही." तिने हातातला कप कठड्यावर असा आपटला की कान माझ्या पायाशी येऊन पडला. "आणि मेल्यावर पण तेच दिलं तिला. तेच! मुडद्याने आठवण ठेवली की."

मी म्हटलं, कागदात एवढं कुठे आहे, तू कथा रचतेस. तिने वाकून कपाचे तुकडे गोळा केले.

आता भिंतीबद्दल.

त्या भिंतीतून आम्हाला सगळं ऐकू यायचं. संध्याकाळी शेखर घरी आला की थोडा वेळ काही नाही, मग त्याचा आवाज, मग तिचा त्याहून मोठा, कारण वसुधा गप्प बसणारी नव्हती, आणि मग धातूचा आवाज. डबे सांडल्याचा वेगळा, परात भिंतीवर बसल्याचा वेगळा. सुमती भाजी चिरताना थांबायची. "परात नव्हे ही," ती हळूच म्हणायची. "परात घुमते. हे पोळपाट." मी म्हणायचो, लाटणं असेल. आवाजावरून वस्तू ओळखायला आम्ही दोघं शिकलो होतो, वसुधा शब्दांवरून ओळखायची तशी. एकदा एक असा आवाज आला की तो कुठल्याच वस्तूचा नव्हता. ओली पिशवी जमिनीवर टाकल्यासारखा. सुमतीने सुरी खाली ठेवली.

"जा तुम्ही," ती म्हणाली.

"नवराबायकोच्या मध्ये कसं जायचं?"

तिने टीव्हीचा आवाज वाढवला. तो तिने वाढवला, पण मी तो कमी केला नाही.

एका सकाळी लोणच्याची बरणी त्यांच्या खिडकीतून काच फोडून बाहेर आली आणि आमच्या गाडीच्या चाकाशी फुटली. थोड्या वेळाने शेखर पाण्याचा पाइप घेऊन आला, हसतमुख. "सॉरी काका, हातातून सटकली." तेल धुवून निघेना. ते वाळूत मुरलं आणि कंपाउंडला बरेच दिवस मोहरीचा वास येत राहिला. संध्याकाळी वसुधा आली तेव्हा भुवईवर चिकटपट्टी होती. "बरणी फुटणारी," तिने सांगितलं, जणू मी विचारलंच होतं. "हातात असताना फोडणारी."

सुमतीचं ऑपरेशन झालं तेव्हा वसुधाने आमचं स्वयंपाकघर सांभाळलं. सुमती उठून पाहते तर सगळं हललेलं. खलबत्ता, वरवंटा, लोखंडी कढई, सगळं जड सामान खालच्या कपाटात, पिठाच्या डब्यांच्या मागे, वाकून गुडघ्यावर बसल्याशिवाय हात पोचणार नाही असं. ओट्यावर फक्त प्लॅस्टिक आणि कापड. "काय गं ही रचना?" "सवय ओ काकू. जड खाली." मी म्हटलं, शिस्त आहे पोरीला. सगळं होतं तसं वर लावायला सुमतीने खूप दिवस घेतले.

दिवाळी फराळाला एकदा सगळे जमले होते. शेखर मोठ्याने म्हणाला, "आमच्या बायकोला घरातली भांडी दिसत नाहीत. मेलेल्यांची घासते!" हशा झाला. वसुधा चकलीचं ताट घेऊन उभी होती. "मेलेले भांडी परत अंगावर फेकत नाहीत," ती म्हणाली. याला आणखी मोठा हशा झाला. मीही हसलो, आणि शेखरही. घरी गेल्यावर काय झालं ते आम्ही भिंतीतून ऐकलं. ते उलथणं होतं.

तो शुक्रवार. जुई पोहायला गेली होती. सुमती पूजेला बसलेली. दुपारचा स्वयंपाक चालू असताना पलीकडे आवाज सुरू झाले आणि या वेळी वस्तू ओळखायला वेळच मिळाला नाही, एकावर एक येत होत्या. डबे, काच, मग बत्त्याचा दणका. बत्ता मी कधी ऐकला नव्हता, पण ओळखला. मग वसुधाची किंकाळी आणि लगेच शेखरची. त्याची मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होतो. म्हणून मी गेलो. तिच्या किंचाळण्यावर कधी गेलो नव्हतो.

मागचं दार उघडं होतं. शेखर फ्रिजला टेकून जमिनीवर, गालाची कातडी सोलून लोंबत होती, डोळा मिटलेला, आणि मांस भाजल्याचा वास. बत्ता त्याच्या उजव्या हातापाशी. वसुधाचा डावा हात मनगटाखाली भलतीकडे वळलेला, कानातून रक्त गळ्यावर. तिच्यामागच्या कपाटाच्या दारात बत्त्याने भोक पडलेलं, तिच्या डोक्याच्या उंचीवर. गॅस पेटलेला, वर तवा नाही. तवा तिच्या उजव्या हातात होता.

तो तवा मला माहीत होता. मिरजेहून आणलेला, जाड, लोखंडी, बिनदांड्याचा. तो उचलायला सांडशी लागायची आणि ती गॅसच्या वर, खिळ्याला, तिच्या हातापासून वीतभर अंतरावर लटकत होती. मी पाहिली. ती हलतसुद्धा नव्हती.

"वसुधा, टाक तो," मी म्हणालो.

तिने हात उघडायचा प्रयत्न केला. तवा पडेना. मग पडला, आणि त्याच्याबरोबर तळहाताची कातडी गेली.

आता वाचणाऱ्याने तिचेच प्रश्न विचारून बघावेत. वस्तू कशाच्या शेजारी होती? एका हाताने उचलता येते का? मनात ठरवून मारणारी बाई काय उचलेल? ज्या बाईने सगळ्या वस्तू तोलून ठेवल्या होत्या, तापलेलं लोखंड कुणी उचलत नाही हे जिने मला शिकवलं होतं, तिने हातापाशी सांडशी असताना उघड्या हाताने तवा उचलला. विचार करायला वेळ नव्हता म्हणून उचलला. बत्ता दुसऱ्यांदा वर गेला होता म्हणून उचलला. हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं होतं. वर्षानुवर्षं कठड्यावर बसून मी तेवढंच तर शिकलो होतो.

शेखरने हॉस्पिटलमध्ये सांगितलं की घसरून गॅसवर पडलो. पुढे हा त्याचा मोठेपणा ठरला. "मी तिला पोलिसांपासून वाचवलं." मग त्याच्या हॉलमध्ये बैठक बसली, आपल्यातली चार जाणती माणसं, चहा, चिवडा. वसुधा आतल्या खोलीत. दोन्ही हात बांधलेले, एक मोडला म्हणून आणि एक भाजला म्हणून. भाजलेल्या हाताबद्दल कुणी विचारलं नाही. स्वयंपाक करणाऱ्या बाईचा हात भाजतोच.

शेखर म्हणाला, "मी चिडतो, मान्य. माझाही हात उठलाय. पण हे मनात धरून केलंय हिने."

त्यातले सगळ्यात वयस्कर गृहस्थ माझ्याकडे वळले. "तुम्ही शेजारी. ती तुमच्याजवळ बोलायची. तुम्हाला काय वाटतं? अचानक झालं, की आधीपासून काही होतं?"

माझ्या मुलाचा शेखरच्या कंपनीत इंटरव्ह्यू झाला होता आणि शेखर त्याच्यासाठी शब्द टाकणार होता. हे मी लपवत नाही.

मी म्हणालो, "ती वस्तूंबद्दल फार बोलायची. कोणती किती जड, कशाने काय फुटतं."

"बघा!" शेखर म्हणाला. "मी सांगतो ते हेच!"

त्या चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. आतल्या खोलीत पलंग करकरला. सांडशी माझ्या जिभेवर होती. एकच शब्द होता. मी चिवड्यातले शेंगदाणे वेचत राहिलो.

"मग तिला इथे ठेवणं धोक्याचंच," ते वयस्कर गृहस्थ म्हणाले. "पोरीच्या दृष्टीने."

"व्हिसा कॅन्सल करतो. जुई इथेच शिकेल," शेखर म्हणाला. "खलास."

घरी येऊन मी सुमतीला सगळं सांगितलं. सांडशीचंही. तिने ताट माझ्यापुढे सरकवलं आणि शेवटपर्यंत त्या विषयावर माझ्याशी बोलली नाही. मुलाला ती नोकरी मिळाली. आज जुफैरला ज्या फ्लॅटमध्ये बसून मी हे लिहितोय, तो त्याच नोकरीतून आलाय.

परवा जुई आली होती. आता ती इथेच बँकेत आहे. माझं मराठी तिला कळतं, उत्तर इंग्रजीत देते. मी तिला सगळं सांगितलं, तवा, बत्ता, खिळा. ती बाल्कनीच्या काचेकडे तोंड करून ऐकत होती. मग तिने विचारलं, "व्हाय नाऊ?" तिने टेबलावरचा माझा कप उचलला आणि मला वाटलं धुवायला नेतेय. तिने तो नुसता हातात वरखाली केला. कदाचित तिला स्वतःला कळलंही नसेल. कप परत ठेवून ती म्हणाली, "आजोबा, हे बाबांसमोर बोलाल?" हे मराठीत.

बोलेन. पण त्याआधी हे इथे, आपल्या मंडळाच्या अंकात, छापून यावं, म्हणजे मांडवात मान डोलावणाऱ्यांनीही वाचलेलं असेल.

वसुधा गेली तो दिवस धुळीचा होता, समोरचं घरसुद्धा पिवळं दिसत होतं. शेखर गाडी चालवत होता, ती मागे बसली होती. सुमती बाहेर आली नाही. मी फाटकापाशी उभा राहिलो. वसुधा मान वर करून थेट माझ्याकडे बघत होती. गाडी सुरू झाली तेव्हा तिने दातांनी उजव्या हाताची पट्टी सोडवली आणि तो उघडा तळहात खिडकीच्या काचेला लावला, पूर्ण, बोटं फाकवून. लाल, ओला, तव्याच्या काठाची रेघ आडवी उमटलेली. गाडी वळेपर्यंत तिने तो तसाच धरला.

ती काय दाखवत होती ते मला दिसलं. मीही हात वर केला आणि हलवून तिला निरोप दिला.